विषारी माती आणि मतपेटी : वॉरन कौंटीच्या लढ्याचा इतिहास

पर्यावरण हा शब्द आपल्याकडे बहुतेक वेळा झाडे, पाखरे आणि वाघ यांच्या संगतीने येतो. तो वर्तमानपत्रांच्या रविवार पुरवण्यांत येतो, शाळेतल्या निबंधांत येतो, वनमहोत्सवाच्या भाषणांत येतो. गावकुसाबाहेर ज्यांना पिढ्यान्‌पिढ्या राहावे लागले, मेलेली ढोरे ज्यांनी ओढली, गावाची घाण ज्यांनी डोक्यावरून वाहिली, त्यांच्यापर्यंत हा शब्द फार उशिरा पोहोचला. परंतु शब्द उशिरा पोहोचला म्हणून अर्थ ठाऊक नव्हता असे नाही. गावाची घाण कोणी काढायची आणि ती कोणाच्या दारात नेऊन टाकायची हे ज्या समाजात जन्मावरून ठरते, त्या समाजात स्वच्छ हवा आणि स्वच्छ पाणी हा सौंदर्यदृष्टीचा प्रश्न राहत नाही. तो सत्तेचा प्रश्न होतो.

हाच प्रश्न अमेरिकेतील काळ्या माणसांनी १९८२ साली उत्तर कॅरोलायना राज्यातील वॉरन नावाच्या एका लहान, गरीब कौंटीत ऐरणीवर आणला. कौंटी हा तेथील स्थानिक कारभाराचा घटक. अधिकारांच्या दृष्टीने तो आपल्या जिल्हा परिषदेच्या जवळचा. लोकसंख्येने मात्र वॉरन कौंटी आपल्या एखाद्या तालुक्याहूनही लहान होती. कौंटीचा कारभार निवडून आलेल्या कमिशनरांचे मंडळ पाहते. पोलीसप्रमुख असलेला शेरीफ आणि दस्तनोंदणी अधिकारीसुद्धा तेथे लोकांच्या मतांनी निवडले जातात. हा तपशील ध्यानात ठेवणे जरूर आहे. कारण या लढ्याचा अर्धा इतिहास रस्त्यावर घडला, आणि अर्धा या लहानसहान खुर्च्यांभोवती घडला. पहिला अर्धा सर्वत्र सांगितला जातो. दुसरा अर्धा कार्यकर्त्यांना अधिक शिकवणारा आहे, असे मला वाटते.

१. कौंटीचा पूर्वेतिहास

वॉरन हा तंबाखू आणि कापूस पिकविणारा मुलूख. गुलामगिरीच्या काळात येथे गोऱ्या मळेवाल्यांची श्रीमंती होती आणि ती श्रीमंती उभी करणारे काळे गुलाम होते. याच कौंटीत १८४० साली जॉन हायमन हा गुलाम म्हणून जन्मला. तो विकला गेला, दूर अलाबामात नेला गेला. यादवी युद्ध संपल्यावर तो परत आला, राज्याच्या सिनेटमध्ये निवडून गेला आणि १८७५ मध्ये उत्तर कॅरोलायनातून अमेरिकन काँग्रेसमध्ये जाणारा पहिला काळा प्रतिनिधी ठरला. गुलामगिरी संपून दहा वर्षेच झाली होती. मताचा अधिकार हाती येताच काळ्या समाजाने काय करून दाखविले याचा हा पुरावा होय.

पण हा अधिकार टिकू दिला गेला नाही. १९०० साली राज्यघटनेत दुरुस्ती करून मतदारासाठी अक्षरओळखीची परीक्षा आणि मतदानकर या अटी घालण्यात आल्या. परीक्षा घेणारे गोरे, निकाल देणारेही गोरे. ज्यांचे बापजादे पूर्वी मतदार होते अशा निरक्षर गोऱ्यांना मात्र त्यातून पळवाट ठेवली होती. या भागाचा शेवटचा काळा काँग्रेस-सदस्य जॉर्ज व्हाइट १९०१ मध्ये पायउतार झाला. त्यानंतर उत्तर कॅरोलायनातून काँग्रेसमध्ये काळा माणूस जायला १९९२ ची निवडणूक उजाडावी लागली. मधली नव्वद वर्षे म्हणजे काय, हे आपल्या वाचकाला समजावून सांगण्याची गरज नाही. माणसे बहुसंख्येने असूनही कारभारात नसणे, कर भरूनही निर्णयात नसणे, हे त्याचे स्वरूप होते. १९६५ च्या मतदान हक्क कायद्याने ही दारे कायद्याने उघडली. परंतु उघड्या दारातून आत जाण्याची सवय आणि हिंमत एका कायद्याने येत नसते.

१९६९ साली फ्लॉइड मॅकिसिक या नागरी हक्क चळवळीतील नेत्याने याच कौंटीत ‘सोल सिटी’ नावाचे नवे शहर वसविण्याची घोषणा केली. काळ्यांच्या पुढाकाराने उभे राहणारे, सर्वांना खुले असणारे, कारखाने, घरे आणि शाळा असणारे शहर अशी ती कल्पना होती. संघ सरकारने प्रथम तिला आर्थिक हमी दिली आणि १९७९ मध्ये हात काढून घेतला. ज्या सुमारास सरकारने या कौंटीतून काळ्यांचे शहर काढून घेतले, त्याच सुमारास दुसऱ्या सरकारी कार्यालयात या कौंटीसाठी विषाच्या खड्ड्याची मंजुरी तयार होत होती.

२. रस्त्याकडेचे विष

विजेच्या ट्रान्सफॉर्मरमध्ये उष्णता शोषून घेण्यासाठी पूर्वी पीसीबी नावाच्या रसायनाचे तेल वापरीत. हे रसायन सहजी जळत नाही आणि सहजी विरघळतही नाही. म्हणूनच ते कारखानदारांना सोयीचे वाटे आणि म्हणूनच ते घातक आहे. मातीत गेले की ते वर्षानुवर्षे तसेच राहते. मासे, गुरे, माणसे यांच्या चरबीत साठत जाते. कर्करोगाशी त्याचा संबंध असल्याचे दिसून आले. १९७६ मध्ये अमेरिकेत विषारी पदार्थांच्या नियंत्रणाचा कायदा झाला आणि जुन्या तेलाची नियमाप्रमाणे विल्हेवाट लावणे महाग झाले.

महाग झाले म्हटल्यावर धंद्याने स्वस्त वाट शोधली. उत्तर कॅरोलायनाची राजधानी राले येथील वॉर्ड ट्रान्सफॉर्मर कंपनीचे हे तेल एका कंत्राटदाराने १९७८ च्या उन्हाळ्यात टँकरमध्ये भरले आणि रात्रीच्या अंधारात, नळ उघडा ठेवून, राज्यातील रस्त्यांच्या कडेला सोडून दिले. सुमारे २४० मैल लांबीच्या रस्त्याकडेला, १४ कौंट्यांतून, ३० हजार गॅलनांहून अधिक विषारी तेल सांडले गेले. गुन्हेगार पकडले गेले, त्यांना शिक्षाही झाल्या. पण रस्त्याकडेची माती तशीच होती. ती खरवडून काढायची तर न्यायची कोठे?

येथून खरा इतिहास सुरू होतो. रस्त्याकडेला विष सोडणारा माणूस गुन्हेगार होता, हे कोणीही मान्य करील. पण त्यानंतर हे विष कोणाच्या वस्तीत पुरायचे हे ठरविणारी माणसे गुन्हेगार नव्हती. ती नोकरीच्या जागी बसून, नकाशे समोर ठेवून, नियमांची पुस्तके उघडून निर्णय करीत होती.

३. जागेची निवड

राज्य सरकारने अनेक जागा पाहिल्या. अखेरीस दोन उरल्या. एक चॅथम कौंटीत आणि दुसरी वॉरन कौंटीत, ॲफ्टन गावाजवळ. चॅथमची जागा सार्वजनिक मालकीची होती. तेथील लोकांनी विरोध केला आणि तेथील कौंटीने जागा देण्यास नकार दिला. वॉरनमधील जागा मात्र खाजगी, आर्थिक अडचणीत सापडलेल्या एका शेतकरी कुटुंबाची होती. ती विकत घेणे सोपे गेले. वॉरनमध्ये सुमारे ६० टक्के लोक काळे होते. राज्यात काळ्यांचे प्रमाण सर्वाधिक असलेल्या कौंट्यांपैकी ती एक, आणि सर्वांत गरीब कौंट्यांपैकीही एक.

जागा शास्त्रीय कसोटीवर तरी उतरत होती काय? अशा खड्ड्याचा तळ भूजलापासून किमान ५० फूट वर असावा असा संघ सरकारचा नियम होता. ॲफ्टनला पाणी अवघ्या काही फुटांवर लागत असे, आणि आसपासची माणसे विहिरींचे पाणी पीत होती. १९७९ मध्ये संघ सरकारच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने ही अट शिथिल करून खड्ड्याला मंजुरी दिली. आपल्याला परिचित असलेली गोष्ट येथे पुन्हा दिसते. नियम सर्वांसाठी सारखे असतात. सवलत मात्र कोणाच्या बाजूने आणि कोणाच्या जिवावर द्यायची, हे सत्ता ठरविते.

पुढे १९८२ मध्ये काळ्यांच्या हक्कांसाठी झगडणाऱ्या ‘एन.ए.ए.सी.पी.’ या जुन्या संघटनेने न्यायालयात दाद मागितली, तेव्हा न्यायाधीशांनी सांगितले की, ही जागा वंशाच्या कारणावरून निवडली असे दाखविणारा पुरावा नाही. बहुधा कागदोपत्री तो नव्हताच. कोणत्याही टिपणीत ‘येथे काळे राहतात म्हणून येथे विष पुरावे’ असे लिहिलेले नव्हते. पण असे लिहावे लागत नाही, हेच या व्यवस्थेचे सामर्थ्य आहे. जमीन स्वस्त कोठे मिळते? जेथे गरीब राहतात. ओरड कमी कोठे होते? जेथे लोकांना कारभारात जागा नाही. कौंटीचे मंडळ ठाम ‘नाही’ कोठे म्हणत नाही? जेथे मंडळातली माणसे आणि खड्ड्याशेजारची माणसे वेगवेगळ्या समाजांतील असतात. प्रत्येक पायरीवर निकष ‘तटस्थ’ असतो आणि शेवटच्या पायरीवर विष काळ्याच्या विहिरीशेजारी येऊन पडते. अस्पृश्यतेचा अनुभव घेतलेल्या समाजाला हे तर्कशास्त्र नवे नाही. महारवाडा, मांगवाडा गावाच्या कोणत्या बाजूला असावा याचा ठराव कोणत्याही ग्रामसभेच्या वहीत सापडत नाही; वाडा मात्र त्याच बाजूला सापडतो.

४. स्वयंसेवकांची फळी

विरोधाची सुरुवात काळ्यांनी केली नाही, हे इतिहास म्हणून नोंदविले पाहिजे. १९७८ च्या अखेरीस बातमी फुटताच नागरिकांची एक समिती स्थापन झाली. तिच्यात आरंभी प्रामुख्याने गोरे जमीनमालक होते. केन फेरुचिओ हा शिक्षक आणि त्याची पत्नी डेबोरा हे दोघे तिचे प्रमुख कार्यकर्ते. त्यांना भूजलाची, शेतीची, जमिनीच्या किमतीची चिंता होती. १९७९ च्या जानेवारीत वॉरन्टन येथील जाहीर सुनावणीला शेकडो लोक आले. अर्ज झाले, तज्ज्ञ बोलावले गेले, दावे लावले गेले. कौंटीचे कमिशनरही न्यायालयात गेले. साडेतीन वर्षे हे सारे सनदशीर मार्गाने चालले आणि हाती काही लागले नाही. १९८२ मध्ये गोऱ्यांचे बहुमत असलेल्या कमिशनर मंडळाने राज्याशी तडजोड करून दावा मागे घेतला. ज्यांनी कौंटीच्या वतीने लढायचे, त्यांनीच शस्त्र खाली ठेवले.

आणि तेव्हा लढा काळ्यांच्या चर्चमध्ये आला. ॲफ्टनजवळचे कोली स्प्रिंग्ज बॅप्टिस्ट चर्च हे त्याचे केंद्र बनले. तेथील पाद्री ल्यूथर ब्राउन, युनायटेड चर्च ऑफ ख्राइस्टच्या वांशिक न्याय आयोगाचे लिऑन व्हाइट, मतदार नोंदणीचे काम करीत आलेली डॉली बर्वेल ही माणसे पुढे आली. यांपैकी कोणीही पर्यावरणवादी म्हणून ओळखले जात नव्हते. त्यांचे शिक्षण नागरी हक्कांच्या चळवळीत झाले होते. मार्टिन ल्यूथर किंग यांनी स्थापन केलेल्या सदर्न ख्रिश्चन लीडरशिप कॉन्फरन्सचे अध्यक्ष जोसेफ लोअरी आले, काँग्रेसमधील वॉशिंग्टन शहराचे प्रतिनिधी वॉल्टर फॉन्ट्रॉय आले. जवळच्याच ऑक्सफर्ड गावचे बेंजामिन चेव्हिस आले. खोट्या खटल्यात त्यांनी अनेक वर्षे तुरुंगवास भोगला होता आणि ती शिक्षा नुकतीच रद्द झाली होती.

किंग यांच्या आयुष्यातला शेवटचा लढा सफाई कामगारांचा होता, याची येथे आठवण ठेवली पाहिजे. १९६८ च्या फेब्रुवारीत मेम्फिस शहरात कचऱ्याच्या गाडीच्या यंत्रात दोन काळे कामगार चिरडून मेले. तेराशे कामगारांनी काम बंद केले. आपण माणूस आहोत, एवढेच वाक्य लिहिलेले फलक गळ्यात अडकवून ते रस्त्यावर उभे राहिले. त्यांच्यासाठी गेलेल्या किंग यांचा ४ एप्रिल १९६८ रोजी तेथेच खून झाला. कचरा उचलणाऱ्याच्या माणूसपणाचा लढा आणि कचरा ज्याच्या दारात पडतो त्याच्या माणूसपणाचा लढा, हे एकाच लढ्याचे दोन काळ आहेत. वॉरनमध्ये ते एकत्र आले.

१५ सप्टेंबर १९८२ रोजी विषारी मातीने भरलेले पहिले ट्रक निघाले. चर्चमधून मोर्चा निघाला. सुमारे दोन मैल चालत लोक खड्ड्याच्या वाटेवर आले आणि रस्त्यावर आडवे झाले. बायका, म्हातारी माणसे, शाळकरी मुले, काळे आणि गोरे शेजारी शेजारी झोपले. राज्याच्या पोलिसांनी त्यांना उचलून गाड्यांत टाकले. दुसऱ्या दिवशी पुन्हा मोर्चा, पुन्हा अटक. सहा आठवडे हे चालले. पाचशेहून अधिक अटका झाल्या. फेरुचिओ यांनी तुरुंगात उपोषण केले. फॉन्ट्रॉय आणि लोअरी यांनाही अटक झाली. कचऱ्याच्या खड्ड्याला विरोध केल्याबद्दल एवढ्या अटका होण्याची अमेरिकेतील ही पहिलीच वेळ मानली जाते.

आणि ट्रक थांबले नाहीत. सात हजारांहून अधिक खेपा झाल्या. खड्डा भरला. त्यावर चिकणमाती घालून तो बंद केला गेला. लढा तात्कालिक अर्थाने हरला. गव्हर्नर जेम्स हंट यांनी एक लेखी आश्वासन तेवढे दिले : योग्य तंत्रज्ञान उपलब्ध झाले की या खड्ड्यातील विष नष्ट केले जाईल.

५. मोर्चाकडून मतपेटीकडे

पुष्कळ चळवळींचा इतिहास येथे संपतो. मोर्चा निघतो, लाठी पडते, अटक होते, निवेदन दिले जाते, आश्वासन मिळते, आणि कार्यकर्ते पुढच्या प्रश्नाकडे वळतात. आश्वासनाचा कागद फायलीत राहतो. वॉरनमध्ये तसे झाले नाही, कारण तेथील स्वयंसेवकांनी मोर्चा आणि मतदार नोंदणी ही दोन कामे वेगळी मानली नाहीत. ट्रकसमोर झोपायला जे आले, त्यांची नावे मतदार यादीत आहेत की नाहीत हेही पाहिले गेले. कमिशनर मंडळाने दावा का मागे घेतला, या प्रश्नाचे उत्तर प्रत्येकाला कळले होते : मंडळ आपले नव्हते.

शेवटचा ट्रक गेल्यानंतर काही दिवसांतच, नोव्हेंबर १९८२ मध्ये, निवडणुका झाल्या. कौंटीच्या कमिशनर मंडळात प्रथमच काळ्यांचे बहुमत झाले. पहिला काळा शेरीफ निवडून आला. फ्रँक बॅलन्स हे काळे वकील राज्याच्या विधिमंडळात गेले. इव्हा क्लेटन मंडळाच्या अध्यक्ष झाल्या. १९९२ साली त्या काँग्रेसवर निवडून गेल्या. जॉर्ज व्हाइट १९०१ मध्ये गेल्यानंतर रिकामी राहिलेली जागा भरून काढणाऱ्यांत वॉरन कौंटीची ही बाई होती. डॉली बर्वेल पुढे दस्तनोंदणी अधिकारी म्हणून निवडून आल्या. जमीन कोणी कोणाला विकली याची नोंद जेथे होते, त्या खुर्चीवर जमिनीत विष पुरू नये म्हणून तुरुंगात गेलेली बाई बसली.

हे सारे एका खड्ड्यामुळे झाले असे म्हणणे भाबडेपणाचे होईल. १९६५ पासून केलेले नोंदणीचे काम, सोल सिटीच्या निमित्ताने आलेले शिकलेले काळे कार्यकर्ते, चर्चची संघटना अशी पूर्वतयारी होती. पण पूर्वतयारीला निमित्त लागते. खड्ड्याने ते पुरविले. स्थानिक सत्ता हाती नसली तर आपल्या विहिरीच्या पाण्याचा निर्णयही दुसराच करतो, हे सिद्धांताने नव्हे तर ट्रकच्या चाकांनी लोकांना शिकविले.

६. एका कौंटीतून देशाकडे

फॉन्ट्रॉय यांनी तुरुंगातून सुटल्यावर काँग्रेसच्या हिशेब-तपासणी कार्यालयाला एक साधा प्रश्न विचारला : असे विषारी खड्डे कोठे कोठे आहेत आणि तेथे कोण राहते? १९८३ मध्ये उत्तर आले. आग्नेयेकडील आठ राज्यांत असे चार मोठे खड्डे होते. त्यांपैकी तीन काळ्यांची बहुसंख्या असलेल्या वस्त्यांत होते. त्या राज्यांच्या एकूण लोकसंख्येत काळे मात्र सुमारे एक-पंचमांश होते. चारही ठिकाणी किमान २६ टक्के लोक दारिद्र्यरेषेखाली होते. १९८७ मध्ये वांशिक न्याय आयोगाने संपूर्ण देशाचा अभ्यास प्रसिद्ध केला. विषारी कचऱ्याचे व्यापारी खड्डे कोठे असतात हे सांगणारा सर्वांत मोठा घटक वंश हा आहे, उत्पन्नापेक्षाही वंश, असा त्याचा निष्कर्ष होता. चेव्हिस यांनी याला ‘पर्यावरणीय वंशवाद’ हे नाव दिले. गरीब आहे म्हणून वस्तीत विष येते हे अर्धसत्य. गरिबांतही कोणाच्या वस्तीत प्रथम येते, हे वंश ठरवितो. ‘सारे प्रश्न आर्थिकच आहेत’ असे आपल्याला ऐकविणाऱ्यांनी हा अभ्यास डोळ्यांखालून घालावा.

याच काळात प्रस्थापित पर्यावरणवादी संस्थांशीही संघर्ष झाला. जंगले आणि वन्य प्राणी यांसाठी झगडणाऱ्या या मोठ्या संस्थांच्या कार्यालयांत आणि कार्यकारिणींत बहुसंख्य गोरेच होते. १९९० मध्ये त्यांना खुली पत्रे लिहून याचा जाब विचारला गेला. १९९१ च्या ऑक्टोबरात काळे, मूळनिवासी, मेक्सिकन आणि आशियाई वंशाचे कार्यकर्ते वॉशिंग्टनला जमले आणि त्यांनी आपली १७ तत्त्वे मांडली. ‘आमच्या वतीने तुम्ही बोलू नका, आमचे आम्ही बोलू’ असा या परिषदेचा सूर होता. दलित साहित्याच्या चळवळीने सत्तरीच्या दशकात मराठी साहित्यसंस्थांना जे सांगितले, त्याहून हे वेगळे नव्हते. ११ फेब्रुवारी १९९४ रोजी राष्ट्राध्यक्ष क्लिंटन यांनी सर्व सरकारी खात्यांना या प्रश्नाची दखल घेण्याचा आदेश काढला.

७. विष बाहेर काढले गेले

वॉरनमधला खड्डा मात्र तेथेच होता. १९९३ मध्ये राज्य सरकारने कळविले की खड्ड्यात लाखो गॅलन पाणी साठले आहे आणि आवरण फाटण्याचा धोका आहे. सरकारची इच्छा पाणी उपसून मोकळे होण्याची होती. लोकांनी गव्हर्नर हंट यांच्या जुन्या पत्राची आठवण दिली. अकरा वर्षांनी तो कागद फायलीतून बाहेर आला, कारण फायली ओळखणारी माणसे आता कौंटीत होती.

राज्याचे अधिकारी आणि नागरिक यांची संयुक्त समिती स्थापन झाली. बर्वेल आणि फेरुचिओ, काळी कार्यकर्ती आणि गोरा शिक्षक, दोघेही तिच्यात पुढाकार घेऊन होते. समितीने सरकारी तज्ज्ञांवर विसंबून न राहता स्वतःच्या पसंतीचे स्वतंत्र शास्त्रज्ञ मागितले आणि मिळविले. येथे मोर्चा नव्हता, घोषणा नव्हत्या, छायाचित्रकार नव्हते. बैठकीमागून बैठक, अहवालामागून अहवाल, निधीसाठी विधिमंडळात खेटे असे वर्षानुवर्षांचे, बिनपगारी, कंटाळवाणे काम होते. या कामाची कविता होत नाही. पण ते झाले नसते तर १९८२ ची कविताही पुढे पोकळ ठरली असती.

या समितीने घेतलेला एक निर्णय मला सर्वांत मोलाचा वाटतो. १९८२ पूर्वी विरोधकांकडून एक पर्याय सुचविला जात होता : ही माती अलाबामातील इमेल येथील मोठ्या खड्ड्यात पाठवा. पण इमेल ज्या कौंटीत आहे, तेथेही बहुसंख्य काळेच राहत होते. १९८३ च्या पाहणीत सापडलेल्या तीन खड्ड्यांपैकी तो एक होता. म्हणजे ‘आमच्या दारात नको’ या मागणीचा अर्थ ‘दुसऱ्या काळ्याच्या दारात टाका’ असा होत होता. नव्वदीच्या दशकात वॉरनच्या लोकांनी ही चूक दुरुस्त केली. विष दुसरीकडे पाठवायचे नाही, आहे त्या जागीच नष्ट करायचे, असा आग्रह त्यांनी धरला. माती खणून काढून, प्रचंड उष्णता देऊन तिच्यातील पीसीबी वेगळे करण्यात आले. २००३ च्या अखेरीस काम पुरे झाले. सुमारे १ कोटी ८० लाख डॉलर खर्च आला. खड्डा खणला गेल्यापासून एकवीस वर्षे गेली होती.

हा विजय निर्भेळ होता असे नाही. कौंटी गरीबच राहिली. सत्तेच्या खुर्चीने माणसे बिघडतात, हेही येथे दिसले. १९८२ मध्ये निवडून आलेले फ्रँक बॅलन्स पुढे काँग्रेसपर्यंत पोहोचले, आणि युवकांसाठीच्या एका संस्थेला मिळालेल्या सरकारी पैशांच्या गैरवापराबद्दल २००५ मध्ये त्यांना तुरुंगवासाची शिक्षा झाली. त्या संस्थेला नाव होते जॉन हायमन यांचे. आपल्या समाजाचा माणूस खुर्चीवर बसणे ही पहिली पायरी आहे. त्याच्याकडून हिशेब मागणे ही दुसरी. जो समाज पहिल्या पायरीवरच गुलाल उधळून थांबतो, त्याच्या पूर्वजांची नावेही बाजारात विकली जातात.

वरच्या सत्तेने दिलेलेही टिकत नाही. २०२२ च्या सप्टेंबरात, लढ्याला चाळीस वर्षे झाली तेव्हा, पर्यावरण संरक्षण संस्थेच्या प्रमुखांनी वॉरन्टन येथे येऊन पर्यावरणीय न्यायाच्या नव्या कार्यालयाची घोषणा केली. २०२५ च्या जानेवारीत ट्रम्प सरकारने १९९४ चा आदेश रद्द केला आणि त्याच वर्षी ही कार्यालये बंद करण्याचे जाहीर केले. एका सहीने आलेले दुसऱ्या सहीने गेले. ॲफ्टनच्या मातीतून काढलेले विष मात्र कोणाच्याही सहीने परत येणार नाही. वरून मिळालेल्या आदेशात आणि खालून केलेल्या कामात हा फरक आहे.

८. आपल्यापुढील प्रश्न

अमेरिकेतील काळ्यांशी आपले नाते नवे नाही. १९४६ मध्ये बाबासाहेबांनी डब्ल्यू. ई. बी. द्यु बॉइस यांना पत्र लिहून काळ्यांनी संयुक्त राष्ट्रसंघापुढे ठेवलेल्या अर्जाची प्रत मागविली होती. १९७२ मध्ये मुंबईत तरुणांनी दलित पँथर स्थापन केली, तेव्हा नाव तिकडून घेतले. आपण त्यांच्या कवितेतला संताप घेतला, त्यांच्या पँथरची आक्रमकता घेतली. वॉरनच्या स्वयंसेवकांची चिकाटी किती घेतली, याचा विचार झाला पाहिजे.

खेड्यातील कारभाराविषयी आपल्या मनात अविश्वास आहे आणि तो साधार आहे. ४ नोव्हेंबर १९४८ रोजी घटना समितीत बाबासाहेबांनी खेड्याचे जे वाभाडे काढले, ते अनुभवावर उभे होते. पण त्याच बाबासाहेबांनी १९१९ मध्ये साउथबरो समितीपुढे मताचा अधिकार हाच अस्पृश्यांच्या राजकीय शिक्षणाचा मार्ग आहे अशी मांडणी केली होती. या दोन गोष्टींत विसंगती नाही. खेडे जसे आहे तसे स्वीकारायचे नाही, आणि त्याच्या सत्तेपासून दूरही राहायचे नाही, हा त्याचा अर्थ. १९९३ पासून त्र्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने ग्रामपंचायतींत अनुसूचित जाती-जमातींना लोकसंख्येच्या प्रमाणात जागा मिळाल्या, सरपंचपदही राखीव झाले. त्या खुर्चीवर बसलेला आपला माणूस गावाचा उकिरडा कोठे पडतो, गटार कोणाच्या दारातून वाहते, कारखान्याचे सांडपाणी कोणत्या ओढ्यात सोडले जाते, विहिरीचे पाणी कोणी तपासले, हे प्रश्न विचारतो काय? की पाटलाने पुढे केलेल्या कागदावर सही करून मोकळा होतो? मुंबईचा कचरा १९२७ पासून देवनारला जातो. त्या डोंगराच्या सावलीत कोण राहते, हे मोजण्यासाठी काँग्रेसमधल्या कोणा प्रतिनिधीची वाट पाहण्याचे कारण नाही. शिक्षक आणि विद्यार्थी एक वही घेऊन ते मोजू शकतात. वॉरनचा दुसरा अर्धा इतिहास अशा वहीपासूनच सुरू झाला होता. तिच्यात मतदारांची नावे होती.

आपल्या गावाचा नकाशा समोर घ्यावा. त्यावर वस्त्या मांडाव्यात, उकिरडे मांडावेत, गटारे आणि विहिरी मांडाव्यात. आणि मग ग्रामपंचायतीची ठरावांची वही मागावी. ती वही पाहण्याचा आपल्याला कायद्याने अधिकार आहे. बाकीचे काम त्या दोन कागदांमधल्या अंतरात आहे.